कॅमेरा, नंबर प्लेट आणि अनुमान

आज अनुमानाविषयी बोलायचं ठरलंय, पण सुरुवात माझ्या स्कूटरपासून करतो. गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर ई-चलान आलं. विनाहेल्मेट, दंड ५०० रुपये, ठिकाण शेजारच्या जिल्ह्यातलं. त्या दिवशी स्कूटर पंक्चर होऊन सोसायटीत उभी होती आणि मी रिक्षाने दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. तरीही कटकट नको म्हणून पैसे भरून टाकले. बायको म्हणाली, "अहो, म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिलीत की!" आयुष्यभर सत्य म्हणजे काय ते शिकवून ही कमाई! (हशा)

दोन महिन्यांनी दुसरं चलान. आता मात्र लिंक उघडून फोटो मोठा करून पाहिला. गाडी लाल, माझी राखाडी. प्लेटवरचा शेवटचा आकडा इंग्रजी आठ, पण त्याच्या डाव्या अंगाला चिखल. यंत्राने तो तीन वाचला.

आता न्यायदर्शनाकडे या. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान आपल्याला पाठ आहे. पण जो धूर वाटला ते धुकं निघालं तर? मग हेतूच असिद्ध. माझा चिखलातला आठ हा तसला. दुसरा दोष जास्त खोल आहे. 'जिथे गाडी तिथे मालक' अशी व्याप्ती यंत्रणा गृहीत धरते. पण गाडी भाचा नेतो, मेकॅनिक नेतो. विकलेली गाडी कागदोपत्री वर्षानुवर्षं आपल्याच नावावर राहते. ही व्याप्ती जागोजागी मोडते. याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात.

गंमत अशी, की कायद्याला हे ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ मालकाला सांगतं, गाडी कोण चालवत होतं त्याची माहिती दे. म्हणजे तिथे मालक हा साक्षीदार आहे. मोबाइलवरच्या मेसेजात तो थेट आरोपी होतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ आणून कॅमेऱ्यांना जागा दिली, आणि २०२१ च्या नियम १६७अ ने अटी घातल्या : यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नूतनीकरण करायचं, कॅमेरा आहे असा फलक लावायचा, नोटीस १५ दिवसांत द्यायची. कागदावर उत्तम आहे हो.

मघाशी एकांनी विचारलं, यंत्र चिरीमिरी तर घेत नाही ना? अगदी खरं. पुढाऱ्याचा मुलगा आणि दूधवाला, दोघांचा फोटो सारखाच निघतो. ही लहान गोष्ट नाही, आणि हेल्मेट न घालणाऱ्यांची वकिली करायला मी इथे आलेलो नाही. पण मागून रुग्णवाहिका येते म्हणून तुम्ही सिग्नलची रेषा ओलांडून बाजूला झालात, तर चौकातला हवालदार ते पाहतो. यंत्र रेषाच पाहतं. ॲरिस्टॉटल म्हणतो, कायदा सर्वसामान्य असतो, प्रसंग मात्र एकेकटा. आणि दाखला देतो लेस्बॉसच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा, जी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. कॅमेऱ्याची पट्टी पोलादी आहे. ते चालेल, पण मग मागे कुणीतरी वाकणारं हवं. आपल्याकडे वादाला पूर्वपक्ष लागतो, तो ऐकून घ्यावा लागतो. माझ्या ऑनलाइन तक्रारीवर उत्तर आलं एका शब्दाचं : 'रिजेक्टेड'. कारण नाही, खाली नाव नाही.

शेवटी कागदपत्रं आणि स्कूटरचा फोटो घेऊन कार्यालयात गेलो. अडीच तास बाकावर. एका तरुण महिला कॉन्स्टेबलने स्क्रीनवर फोटो मोठा केला, मान तिरकी करून पाहिला आणि म्हणाली, "काका, हा तर आठ आहे." दुसरं चलान वरिष्ठांना दाखवून तिथेच रद्द झालं. पहिल्याचं काय, विचारलं.

"ते तुम्ही भरलंय ना काका? भरलं म्हणजे मान्य केलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी बायकोला सांगितलं नाही. आज रेकॉर्डिंगमधून कळेल.