तापणारा संगणक आणि आष्टीचा उन्हाळा

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेला आष्टी तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. पाऊस बेताचा, आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. या भागातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. परतल्यावर राहिलेली कागदपत्रांची कामे सुरू होतात. मुलांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा व जातीचा दाखला हवा असतो, पीककर्जासाठी सातबारा हवा असतो. ही सारी कामे मे आणि जून या महिन्यांत एकवटतात. म्हणजे ज्या दिवसांत संगणकावर कामाचा भार अधिक, नेमक्या त्याच दिवसांत खोलीतील हवाही सर्वाधिक तप्त असते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क झाला. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. या सोयींचा अखेरचा दुवा म्हणजे गावच्या वा तालुक्याच्या ठिकाणी टेबलाखाली ठेवलेला एक संगणक. भर दुपारी तो मंदावतो, अर्ज भरता भरता एकाएकी बंद पडतो, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरून आलेला मनुष्य रोजगार बुडवून रिकाम्या हाताने परत जातो. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ असे निदान सहज केले जाते व नव्या संगणकाची मागणी नोंदवली जाते. पुष्कळदा दोष एवढा मोठा नसतोच. तासाभराच्या सफाईने जाणारे ते दुखणे असते.

उष्णता येते कोठून?

बोलीभाषेत ज्या पेटीला सरसकट ‘सीपीयू’ म्हटले जाते, ती वास्तविक केवळ पेटी होय. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या पेटीतील मदरबोर्डवर बसवलेला एक लहानसा चौकोनी भाग असतो. त्यातील सिलिकॉनच्या चकतीवर कोट्यवधी सूक्ष्म विद्युत-कळा असतात व त्या दर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. या खटाटोपात खर्च होणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. कार्यालयीन संगणकाच्या प्रोसेसरची उष्णता सामान्यतः 65 वॅट धरली जाते. साध्या दिव्याएवढी ही उष्णता किरकोळ वाटेल. परंतु ती केवळ दीड चौरस सेंटिमीटर जागेतून बाहेर पडते. कपड्यांच्या 1000 वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे 200 चौरस सेंटिमीटर असतो. हिशेब केल्यास प्रोसेसरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर इस्त्रीच्या तळापेक्षा सुमारे साडेआठपट उष्णता निघते असे दिसून येईल.

हा प्रश्न आष्टीपुरता नाही. 1971 मध्ये आलेल्या इंटेल 4004 या पहिल्या मायक्रोप्रोसेसरची उष्णता एका वॅटच्या आसपास होती व त्याला पंख्याची गरज नव्हती. 2004 पर्यंत पेंटियम 4 मालिकेतील काही प्रोसेसर शंभर वॅटच्या पुढे गेले. त्याच वर्षी उष्णतेपुढे हात टेकून त्या कंपनीने आपला पुढचा अधिक वेगवान प्रोसेसर रद्द केला आणि एकाच चकतीवर दोन प्रोसेसर बसवण्याचा मार्ग पत्करला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 2018 मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘प्रत्यूष’ या महासंगणकाला थंड ठेवण्यासाठी तर पाण्याचा उपयोग केलेला होता. आष्टीसारख्या अवर्षणप्रवण भागातील शेतकरी ज्या पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो, तो मांडणाऱ्या यंत्रालाही पाणी लागावे, हा योगायोग मोठा सूचक आहे.

डिसेंबरचा दोष, मे महिन्यातील बिघाड

टेबलावरच्या संगणकाला मात्र हवाच पुरते. प्रोसेसरच्या पाठीवर ‘हीट सिंक’ नावाचा, पातळ पात्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा व त्यावर पंखा असतो. ठोकळा उष्णता पसरवतो, पंखा ती हवेत उडवून लावतो. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. पंखा प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ दोहोंतील अंतर आटोक्यात ठेवतो.

समजा, सुस्थितीतील हीट सिंकमुळे दर वॅटमागे प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा अर्धा अंश वाढते. 65 वॅटला ही वाढ सुमारे 33 अंश होईल. डिसेंबरात खोली 24 अंशांवर असता प्रोसेसर 57 अंशांवर राहील. मे महिन्यात खोली 41 अंशांवर गेली तरी तो 74 अंशांवर थांबेल. दोन्ही स्थिती सुरक्षित आहेत. आता पात्यांमध्ये धूळ बसून हीच वाढ दर वॅटमागे एक अंश झाली असे धरू. डिसेंबरात 89 अंश होतात आणि काम चालून जाते. कोणाला काही कळतही नाही. मे महिन्यात मात्र तोच आकडा 106 अंशांवर जाईल. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते. उन्हाळ्यात बंद पडणाऱ्या संगणकात दोष हिवाळ्यापासूनच असतो, फक्त तो झाकलेला असतो, हे यावरून ध्यानी येईल.

मर्यादा जवळ येताच प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिल्यास स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद होते. म्हणूनच आधी मंदपणा व नंतर बंद पडणे असा क्रम दिसतो. या मंदपणाचे खापर ‘सर्व्हर डाऊन’ या सर्वपरिचित सबबीवर फोडले जाते, ही मोठीच अडचण आहे.

आधी मोजमाप, मग उपाय

पेटी उघडण्यापूर्वी निदान पक्के करावे. तापमान दाखवणारे ‘कोअर टेम्प’ यांसारखे प्रोग्रॅम मिळतात. ते नसल्यास संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊनही आकडा पाहता येतो. सुरुवातीलाच, काही काम नसताना, तो ऐंशीच्या घरात असेल तर शंकेला जागा नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेगही दिसतो. काम जोरात असताना हा वेग त्याच्या मूळ वेगाच्या खाली घसरला व तापमान चढलेले असले, तर मंदपणा इंटरनेटचा नसून उष्णतेचा आहे असे समजावे. कोणतेही काम चालू नसताना वापर शंभर टक्के दिसत असल्यास मात्र प्रोसेसरला राबवणारा एखादा उपद्रवी प्रोग्रॅम शिरला आहे काय, हे आधी पाहावे.

विजेचा दोष आणि उष्णतेचा दोष यांत गल्लत होऊ नये. दिवे मिचकावताच संगणक बंद पडत असेल तर तपासणी विजेची व यूपीएसची करावी. उष्णतेने बंद पडणारा संगणक लगेच पुन्हा सुरू केल्यास पहिल्यापेक्षा लवकर बंद पडतो. अर्धा तास विसावा दिल्यास पुन्हा बराच वेळ चालतो.

सफाईची रीत

संगणक बंद करून विजेची वायर काढावी, पेटी मोकळ्या जागी न्यावी व बाजूचे झाकण उघडावे. अंगातील स्थिर वीज निघून जावी म्हणून प्रथम पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. पंख्याखाली, पात्यांच्या तोंडाशी, धुळीचा नमद्यासारखा थर आढळेल. पंखा वर फिरताना दिसतो आणि खाली हवा मात्र जातच नाही, असा हा प्रकार असतो. मऊ ब्रशने थर सोडवावा व लहान ब्लोअरने उडवावा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा वाऱ्याच्या जोराने बेफाम फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातील हवेचा मोह टाळावा. त्या हवेबरोबर पाण्याचे व तेलाचे तुषार येतात.

एवढ्याने तापमान न उतरल्यास हीट सिंकची बैठक तपासावी. अनेक संगणकांत ती चार प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांवर दाबून बसवलेली असते आणि चारांपैकी एखादी अर्धवट बसलेली असणे ही नित्याची बाब होय. एक कोपरा किंचित उचललेला असला तरी प्रोसेसर व ठोकळा यांचा संपर्क तुटतो. खिट्ट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबाव्यात.

दोहोंमधील सूक्ष्म फटी भरून काढणारी थर्मल पेस्ट वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने सुकते. ती बदलण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून मग बंद करावा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. हीट सिंक सरळ वर न ओढता हलकेच फिरवून सोडवावा. काही बनावटींत सरळ ओढल्यास प्रोसेसरही बरोबर उपटून येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि मधोमध वाटाण्याहून लहान एवढाच नवा ठिपका ठेवावा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा नव्हे. एकदा हीट सिंक उचलला की पेस्ट नव्यानेच लावली पाहिजे, मग जुनी कितीही चांगली दिसो.

जागेचा विचार

धूळ नको म्हणून कित्येक ठिकाणी संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवतात किंवा त्यावर कापडी आच्छादन घालतात. चालू संगणकावर आच्छादन म्हणजे भर उन्हात घोंगडी होय. बंद कप्प्यात पेटीने सोडलेली गरम हवा पेटीतच परत शिरते. याउलट झाकण कायम उघडे ठेवल्याने चार दिवस बरे वाटते, परंतु रोजच्या झाडलोटीची धूळ थेट आत जाते. पेटी जमिनीवर न ठेवता वीतभर उंच फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. पत्र्याच्या खोलीत कूलर असल्यास त्याचा झोत पेटीवर सोडू नये. त्यातून उडणारे तुषार मदरबोर्डला घातक ठरतात. खोली थंड झाली की तेवढाच लाभ संगणकालाही मिळतो.

तातडीचा एक उपाय विंडोजमध्येच आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केल्यास बहुतेक प्रोसेसर आपला वाढीव वेग वापरणे थांबवतात व तापमान बरेच खाली येते. दाखल्यांच्या कामाला त्या वाढीव वेगाची गरज क्वचितच भासते. सफाईसाठी माणूस मिळेपर्यंत एवढ्यावर दिवस निभावतो.

सफाईची योग्य वेळ म्हणजे होळीच्या सुमारास, ऊन वाढण्यापूर्वी. सफाईनंतर खोलीचे व प्रोसेसरचे तापमान एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या आतल्या बाजूस चिकटवावी. पुढील वर्षी दोन्ही आकडे पुन्हा पाहावेत. खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंशांनी अधिक तापतो हे अंतर दहा-पंधरा अंशांनी वाढलेले दिसले, तर संगणक बंद पडण्याची वाट न पाहता पंखा उघडावा.