'रॉक मशीन'ची पहिली वर्षे : स्वतःचे गाणे वाजविण्याचा हट्ट

चाकूर - वरातीत बँड वाजू लागला, की पुढे नाचणाऱ्यांना हवे असते ते ओळखीचे गाणे. बँडवाल्याने स्वतः बांधलेली चाल वाजवायला घेतली, तर वरात जागीच थबकेल. लातूर-नांदेड मार्गावरील चाकूरच्या वरातीला लागू असलेला हा नियम ऐंशीच्या दशकातील मुंबईच्या रॉक संगीतालाही लागू होता. तेथील श्रोता महाविद्यालयीन आणि इंग्रजी जाणणारा. मागणी मात्र तीच, माहितीचे वाजवा. परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी सादर करण्याला या क्षेत्रात 'कव्हर' म्हणतात. कव्हर उत्तम वठविणारा तो उत्तम बँड, असा सरळ हिशेब होता.

'रॉक मशीन' हा बँड १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झाला, तो याच वातावरणात. महेश तिनईकर आणि जयेश गांधी यांची गिटार, मार्क सेल्विन यांची बास गिटार आणि झुबिन बालापोरिया यांचा कीबोर्ड ही सुरुवातीच्या वर्षांतील ठळक नावे. पुढे बँडची ओळख ठरलेले गायक उदय बेनेगल हे इयान सांतामारिया यांच्यानंतर आले. सुरुवात अर्थातच कव्हरने झाली. धोबीतलावजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह तेव्हा रॉकप्रेमींचे हक्काचे ठिकाण होते. 'इंडिपेंडन्स रॉक' हा १९८६ मध्ये सुरू झालेला महोत्सवही तेथेच नावारूपाला आला.

तेथील श्रोत्यांसमोर अनोळखी गाणे म्हणणे हा जुगारच. टाळी पडते ती गाणे ओळखीचे निघाल्याच्या आनंदाची. नव्या गाण्याला तो आधार नसतो. त्यात आयात वाद्यांवर जबर जकात, ध्वनिमुद्रणाच्या सोयी चित्रपटसंगीतासाठी उभ्या राहिलेल्या आणि दूरचित्रवाणी म्हणजे केवळ दूरदर्शन. अशा स्थितीत या तरुणांनी हळूहळू कव्हर बाजूला सारून स्वतःची गाणी पुढे आणली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

आज तो ऐकताना एक गोष्ट खटकते. शब्द आणि चाली त्यांच्या स्वतःच्या आहेत. गिटारचा बाज आणि गायकीची ढब मात्र त्या काळच्या अमेरिकी हार्ड रॉकची. घर स्वतःचे, पण नकाशा दुसऱ्याचा, असे काहीसे. तरीही बांधकामाला हात घातला, हे श्रेय नाकारता येणार नाही.

योगायोग असा, की साधारण त्याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन येथे 'राइट्स ऑफ स्प्रिंग' हा बँड उभा राहत होता. ज्या भावविव्हळ रॉकला पुढे 'इमो' हे नाव पडले, त्याचा उगम अनेक जाणकार या बँडपाशी शोधतात. खुद्द त्यातील कलावंतांना हे नाव कधी रुचले नाही, हा भाग वेगळा! त्यांची अडचण नेमकी उलटी होती. वॉशिंग्टनच्या त्या वर्तुळात स्वतःचे गाणे वाजविणे हीच रीत होती. संगीतकारांनीच १९८० मध्ये काढलेल्या 'डिस्कॉर्ड' या छोट्या कंपनीने १९८५ मध्ये त्यांचा संग्रह काढला. मोजके कार्यक्रम करून १९८६ मध्ये बँड विसर्जित झाला. मुंबईच्या मुलांना ना अशी कंपनी, ना असा श्रोता.

आपल्याकडे अशी कंपनी नसेल तर आपणच कंपनी व्हायचे, हा मार्ग गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी पत्करला. शिवोली येथील घरी ध्वनिमुद्रित केलेला 'गोवन क्रेझी' त्यांनी १९८४ मध्येच काढला आणि त्याच्या ध्वनिफिती स्वतः स्कूटरवरून दुकानांत पोहोचविल्या. पण रेमो एकटे होते आणि बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवीत. पाच-सहा जणांच्या बँडला तालमीची जागा, ध्वनियंत्रणा आणि मोठा मंच यांवाचून गत्यंतर नसते.

'रॉक मशीन'चा 'द सेकंड कमिंग' १९९० मध्ये आला. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून 'इंडस क्रीड' केले. तोवर उपग्रह वाहिन्या घराघरांत शिरू लागल्या होत्या आणि 'प्रिटी चाइल्ड'च्या चित्रफितीमुळे बँडचे चेहरे रंगभवनाबाहेरच्या प्रेक्षकांनाही ओळखीचे झाले. १९९५ च्या संग्रहात भारतीय वाद्यांचे रंग डोकावले. नकाशा दुरुस्त होऊ लागला होता, असे म्हणता येईल. मात्र १९९७ मध्ये बँड फुटला.

२०१० मध्ये नव्या साथीदारांसह तो पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह निघाला. ज्या रंगभवनात अनोळखी गाण्यांचा जुगार खेळला गेला, तेथील मैफली मात्र त्याआधीच शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे थांबल्या होत्या.