सेंट्रिफ्यूज कशाला म्हणायचे?

प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात कुणी खडू ठेवले, म्हणून आपण त्याला खडूपात्र म्हणत नाही. का म्हणत नाही, हे संगणकाला सांगायचे झाले तर मात्र विचार करावा लागतो.

निरनिराळ्या प्रयोगशाळांतील जैववैद्यकीय प्रयोगांच्या नोंदी एकत्र शोधता याव्यात, म्हणून 'ओबीआय' ही ऑन्टॉलॉजी तयार झाली. ऑन्टॉलॉजी म्हणजे संज्ञांच्या व्याख्या आणि संज्ञांमधली नाती संगणकाला कळतील अशी केलेली मांडणी. तिच्यात 'कार्य' आणि 'भूमिका' वेगळी मानतात. वस्तू ज्यासाठी मुद्दाम घडवली, ते तिचे कार्य. सेंट्रिफ्यूजचे कार्य मिश्रणातले घटक वेगळे करणे. तो कपाटात पडून असला तरी ते त्याच्यापाशी असतेच. भूमिका प्रसंगाने येते, प्रसंग सरला की जाते.

२०१० साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनींनी पालेभाजी निथळण्याच्या फिरत्या भांड्यात नळ्या ठेवून रक्तपेशी वेगळ्या केल्या. भांड्याला सेंट्रिफ्यूजची भूमिका मिळाली. (नळ्यांसाठी आत पक्की सोय केल्यावर ते नवे उपकरणच झाले, असे मला वाटते. यावर वाद घालता येईल.)

२०१७ साली स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने दोऱ्यावर फिरणाऱ्या बटणाच्या खेळण्यावरून कागदी सेंट्रिफ्यूज केला. हाताने ओढून मिनिटाला १,२५,००० फेरे! दीड मिनिटात रक्तद्रव वेगळा होतो. हा घडवलाच त्यासाठी, म्हणून ही भूमिका नव्हे, कार्यच.

ओबीआयच्या व्याख्येत वेगाने फिरणारे पात्र आणि आतल्या पदार्थावरचे अपकेंद्री बल एवढेच येते. मोटर नाही, वीज नाही. ती घातली असती, तर 'सेंट्रिफ्यूज वापरलेले प्रयोग' शोधताना ही कागदी चकती संगणकाने वगळली असती.