कुस्कोचा भूकंपनाथ

पेरू म्हटलें म्हणजे आपल्याकडील मुलांच्या डोळ्यांपुढें फळ उभें राहतें. देश आठवतो तो मागाहून. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील या देशांत, अँडीज पर्वतावर सुमारें ११,००० फूट उंचीवर कुस्को हें इंका राजांचें प्राचीन राजनगर आहे. १५३३ सालीं पिझारोच्या स्पॅनिश सैन्यानें तें घेतलें व तेथें कॅथॉलिक पंथाचा अंमल सुरू झाला. ईस्टरपूर्वींच्या पवित्र सप्ताहांत आम्ही तेथें गेलों. पहिल्या दिवशीं चार पायऱ्या चढतांच धाप लागली. उतारूगृहाच्या बाईंनीं कोकाच्या पानांचा ऊन ऊन काढा दिला, तो मात्र मानवला.

सोमवारीं सकाळीं कोरिकांचा पाहिलें. या शब्दाचा अर्थ सोन्याचें आवार. हें इंकांचें मुख्य सूर्यमंदिर. भिंतींस सोन्याचे पत्रे मढविलेले होते. ते स्पॅनिशांनीं उचकटून नेले, आणि पुढें डोमिनिकन साधूंनीं त्याच जोत्यावर आपला मठ उभारला. ज्यानें जन्मभर सूर्यास अर्घ्य दिलें त्याला तेथें फार वेळ उभें राहवत नाहीं. गोमंतकांतील मंगेश व शांतादुर्गा यांना भक्तांनीं सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या भयानें नदीपार नेलें आणि तेथें त्यांची पूजा अखंड चालली. इंकांच्या वंशजांनींही सूर्याची सुवर्णप्रतिमा विल्काबांबाच्या रानांत जपली होती. परंतु १५७२ सालीं तें ठाणें पडलें व प्रतिमा शत्रूच्या हातीं गेली.

भिंती मात्र पाहण्यासारख्या आहेत. चुन्याचा लेश नाहीं. घडीव दगड असे बसविले आहेत कीं सांध्यांत सुरीचें पातें शिरावयाचें नाहीं. भिंती वर जातां जातां किंचित् आंत झुकतात. दारें व कोनाडे तळाशीं रुंद आणि माथ्याशीं अरुंद. २१ मे १९५० रोजीं भूकंप झाला तेव्हां मठ ठिकठिकाणीं ढासळला, आणि जुन्या भिंती जागच्या हलल्या नाहींत. हें ऐकून आम्हांस बरें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. त्याच भूकंपांत कुस्कोंतील माणसेंही मेलीं हें लक्षांत आल्यावर त्या बरें वाटण्याची लाजही वाटली.

तेथून मुख्य चर्चमध्यें गेलों. आंत मार्कोस झापाता या अठराव्या शतकांतील चित्रकारानें काढलेलें येशूच्या अखेरच्या भोजनाचें चित्र आहे. मधल्या ताटांत काय असावें? भाजलेला गिनीपिग! तो तेथील लोकांचा सणासुदीचा पदार्थ. आम्हां शाकाहाऱ्यांस तें पाहवेना. परंतु जित लोकांनीं जेत्यांच्या देवास आपल्या घरचें पान वाढलें, ही गोष्ट मनांतून जाईना.

याच चर्चमध्यें 'भूकंपांचा स्वामी' म्हणून येशूची क्रुसावरील मूर्ति आहे. आम्ही तिला भूकंपनाथ म्हणूं लागलों. ३१ मार्च १६५० रोजीं मोठा भूकंप झाला, तेव्हां ही मूर्ति बाहेर आणतांच धरणी शांत झाली अशी श्रद्धा आहे. मेणबत्त्यांच्या धुरानें ती काळवंडली आहे. आपल्या विठोबाचा वर्ण आठवावा. पवित्र सोमवारीं तिची मिरवणूक निघते व लोक तिच्यावर न्युक्चु नांवाचीं बारीक तांबडीं रानफुलें उधळतात.

त्या गर्दींत शेजारच्या एका वृद्ध बाईनें, क्वेचुआ भाषेंत कांहींसें बोलत, आपल्या टोपलींतील मूठभर फुलें आमच्या हातावर ठेविलीं. आमचा हात अडखळला. सकाळचें सूर्यमंदिर डोळ्यांपुढें होतें. ज्यांचें तें मंदिर मोडलें त्यांचीच ही लेक, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतें. मूर्ति समोर येतांच आम्हींही ओंजळ रिती केली.

सायंकाळीं चौकांत आशीर्वादाच्या वेळीं सारा समुदाय गुडघे टेकून बसला. आम्ही उभे राहूनच हात जोडले.