मूल वाढतं, तसं पुस्तकातल्या चित्राचं कामही बदलतं

मुलांसाठी पुस्तक घेताना आपण किंमत बघतो, मजकूर चाळतो. चित्रं कोणत्या वयासाठी काढली आहेत, हे मात्र सहसा बघत नाही. मग वर्षाच्या बाळासमोर गर्दीने भरलेलं पान येतं आणि तिसरीतल्या मुलीला ऐकावं लागतं, "आता मोठी झालीस, चित्रांची पुस्तकं पुरे!"

नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे दूध पिताना अम्मीचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. म्हणून अगदी लहानांच्या पुस्तकात एका पानावर एकच वस्तू, ठळक रेषा आणि मोकळी जागा हवी. डच चित्रकार डिक ब्रूना यांची 'मिफी' ही ससुली 1955 साली आली. तिचं जे रूप जगभर पोचलं त्यात जाड काळी रेषा, मोजके रंग आणि सरळ आपल्याकडे बघणारा चेहरा एवढंच आहे. पानं जाड पुठ्ठ्याची असावीत. या वयात पुस्तक आधी तोंडात जातं.

खरी गंमत तीन ते सहा या वयात. मोठी माणसं अक्षरं वाचतात, मूल चित्र वाचतं. मजकुरात "सलमाची चप्पल हरवली" असेल आणि चित्रातही फक्त रडणारी सलमा असेल, तर चित्राने नवीन काहीच सांगितलं नाही. पण पलंगाखाली चप्पल घेऊन बसलेलं मांजर दिसलं, तर ते मुलाला दादीच्या आधी सापडतं. एरिक कार्ल यांच्या 1969 च्या प्रसिद्ध पुस्तकात भुकेली अळी फळं खाते, तिथे पानाला खरोखर भोक आहे. मूल त्यात बोट घालतं. मॉरिस सेंडाक यांच्या 1963 च्या पुस्तकात मुलाची कल्पना वाढते तशी चित्रंही मोठी होत जातात, आणि ऐन धिंगाण्यात काही पानं शब्दच नाहीत.

ही रीत आपल्यालाही परकी नाही. अकबराच्या काळातल्या 'हम्झानामा'त सुमारे 1400 मोठी चित्रं होती आणि मजकूर चित्रांच्या मागच्या बाजूला लिहिलेला होता. वाचणारा मागून वाचे आणि ऐकणारे समोरून चित्र पाहत, असं अभ्यासक मानतात.

सात-आठनंतर मूल स्वतः वाचू लागतं. आता चित्रं कमी चालतात, रेषांची काळी-पांढरीही चालतात. पण शब्दांत सांगणं अवघड ते चित्राने दाखवावं: किल्ल्याचा नकाशा, जहाजाची रचना, जुना पोशाख. आणि चोर कोण हे पुढच्या पानावर कळणार असेल, तर चित्राने ते आधीच फोडू नये!

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न असतो. सजीवांची चित्रं चालतील का? हजरत आयशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत, अशी हदीस सहीह बुखारीत आहे. त्या आधारे अनेक उलेमा मुलांच्या वस्तूंबाबत सवलत देतात, काही देत नाहीत. पैगंबरांची चित्रं मात्र आपल्याकडे काढत नाहीत. मग लहान मुलाने पानावर कुणाकडे बघायचं? हजरत सुलेमान (अ.) यांच्या गोष्टीत चित्रकार मुंगीच्या उंचीवरून पाहू शकतो: गवताची पाती, थरथरणारी माती, बिळाकडे धावणाऱ्या मुंग्या. मुलाला तेवढं पुरतं.

खटकतं ते वेगळंच. अनेक मराठी पुस्तकांत आपलं मूल फक्त ईदच्या पानावर, टोपी घालून येतं. तीन-चार वर्षांचं मूल चित्राची पार्श्वभूमीही बारकाईने बघतं. गल्लीतल्या क्रिकेटच्या पानावर शबाना आणि बाजारात भाजी निवडणारे दाढीवाले दादाजान दिसले, तर ते त्याच्या लक्षात राहतं.

प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या 2015 पासूनच्या संकेतस्थळावर मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांत सचित्र गोष्टी मोफत आहेत. वाचनाच्या पातळ्याही दिल्या आहेत. छापील पुस्तक मराठीतून उर्दूत नेताना मात्र एक अडचण येते. मराठीत डावीकडून उजवीकडे धावणारा मुलगा पुढे जातो. उर्दू पुस्तक उलट्या बाजूने उघडतं, तिथे तोच मुलगा मागे परततोय असं वाटतं. त्यावर उपाय म्हणून चित्र आरशासारखं उलटवलं, तर पुढच्याच पानावर तो डाव्या हाताने जेवायला लागतो, आणि घरातली दादी ते सगळ्यात आधी पकडते.