माणसाची प्रतिकारशक्ती वाहणारा उंदीर

१३ मार्च २००६ रोजी लंडनमध्ये सहा निरोगी तरुणांना एक नवं औषध टोचलं गेलं. माकडांवर ते निर्धोक ठरलं होतं. दीडेक तासात सहाही जण तापाने फणफणले, मग अवयव निकामी होऊ लागले. सुदैवाने सगळे वाचले. पण माकडाची प्रतिकारशक्ती माणसाची नव्हे, हे त्या दिवशी कळलं.

मग माणसाच्या पेशी तपासायच्या कुठे? वाट त्याआधीच सापडू लागली होती: १९८३ मध्ये फिलाडेल्फियात मेल्विन बोस्मा यांना प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशीच नसलेले उंदीर सापडले. १९८८ पासून त्यांच्यात मानवी पेशी रुजवल्या जाऊ लागल्या. पण उंदराच्या उरलेल्या मारक पेशी त्यांचा फडशा पाडत. २००५ मध्ये अमेरिकेच्या जॅक्सन प्रयोगशाळेत लिओनार्ड शुल्ट्झ यांनी एक जनुक बंद करून त्यांनाही हटवलं. अशा उंदरात नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी सोडल्या की काही महिन्यांत त्याच्या रक्तात मानवी पेशी फिरू लागतात. साध्या जंतूनेही तो दगावू शकतो, म्हणून त्याचं खाणं, पाणी, हवा सगळं निर्जंतुक लागतं.

मुंबईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत रक्ताच्या कर्करोगावर कार-टी उपचार घडवला, म्हणजे रुग्णाच्या टी पेशी बदलून कर्करोगावर सोडणारा उपचार. तोही आधी उंदरांवर तपासला गेला: प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात मानवी कर्करोग वाढवायचा, त्यावर बदललेल्या मानवी टी पेशी सोडायच्या. ४ जून २०२१ रोजी खारघरला पहिल्या रुग्णाला त्या दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपचाराला परवानगी मिळाली.

मात्र कर्करोग हटतो का, एवढंच असा उंदीर सांगतो. लंडनमध्ये उसळलं तसं सायटोकाइनचं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या संकेत-रेणूंचं वादळ या उपचारातही अनेकदा उसळतं; ते त्यात नीट दिसत नाही, कारण त्याला पेटवणाऱ्या मानवी मोनोसाइट पेशी तिथे नसतात. २०१८ मध्ये मिलानच्या संशोधकांनी त्याही पेशी असलेला उंदीर वापरला, तेव्हा वादळाचं मूळ सापडलं आणि संधिवाताचं अनाकिन्रा हे औषध ते रोखतं, हेही दिसलं. माझ्या मते या उंदराची खरी किंमत इथे कळते.

मर्यादा आहेतच. उंदराच्या थायमस ग्रंथीत शिकलेल्या टी पेशी उंदराच्याच खुणा ओळखू लागतात. लसिका गाठी अर्धवट राहतात. तरी या उंदराचा उपयोग मोठा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबहून कुणी हा उपचार घ्यायला मुंबईला आलं, तर ताप चढेल या धास्तीने त्याला काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावं लागेल. ते वादळ आधीच थोपवता आलं, तर त्याला लवकर गावी परतता येईल.