टीव्ही नजरेच्या रेषेत

नगरच्या माळीवाड्यातला जुना वाडा असो, सावेडीतला फ्लॅट असो, की प्रवराकाठी उसाच्या पैशातून उभा राहिलेला बंगला, टीव्ही भिंतीवर लावायची वेळ आली की ड्रिल धरलेला हात वरच जातो. पार दाराच्या चौकटीपर्यंत. घरचेही हरकत घेत नाहीत, कारण टीव्ही उंचावरच शोभतो ही समजूत घरोघरी मुरलेली आहे.

तिला कारणही तसेच घडले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण खेड्यापाड्यांत संच पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा एखाद्याच घरी टीव्ही असे आणि त्याच्यापुढे अख्खी आळी. मागच्यांना दिसावे म्हणून तो कपाटावर नाहीतर भिंतीतल्या फळीवर उंच ठेवावाच लागे. शिवाय पिक्चर ट्यूबमुळे त्याचे पोट दीड फूट मागे जाई, म्हणून जागा कोपऱ्यातली. आता गर्दी ओसरली, ट्यूबही गेली. उंची आणि कोपरा तेवढे मागे राहिले.

सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. सतरंजीवर मांडी घालून बसले तर अडीच फुटांच्या आसपास. पडद्याचा मध्य या रेषेजवळ हवा. ५५ इंची टीव्हीची उंची सव्वादोन फूट. म्हणजे सोफ्यावरून पाहणाऱ्यांसाठी त्याची खालची कड जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर आली की पुरे. ज्या घरात जेवणे आणि भाजी निवडणे टीव्हीसमोर खाली बसूनच चालते, तिथे तो आणखी खाली घ्यावा. सतत वर पाहताना पापण्या जास्त उघड्या राहतात, डोळे लवकर कोरडे पडतात. मान अवघडते ती वेगळीच.

“जवळून बघू नको, डोळे जातील” हा धाकही ट्यूबच्याच काळातला. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत संचांतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यासाठी कायदा आला. एलईडी टीव्हीत ती ट्यूबच नाही. एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात म्हणून डोळे थकतात, दृष्टी जात नाही. मूल सारखे पडद्याला चिकटत असेल, तर रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

तंत्रज्ञांचा रूढ हिशेब असा, की पडद्याने नजरेचा निदान ३० अंशांचा कोन व्यापावा. त्याने ४३ इंची टीव्हीसाठी पावणेसहा फूट आणि ५५ इंचीसाठी जवळपास साडेसात फूट अंतर येते. म्हणजे लहान खोलीत मोठा टीव्ही चालतच नाही असे नाही. मात्र ५५ इंची पडद्यापासून सात-आठ फुटांपलीकडे बसणाऱ्याला फुल एचडी आणि फोर-के यांच्या बारकाव्यातला फरक निरोगी डोळ्यांनीही जेमतेमच कळतो. फक्त त्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी खोलीत टेप धरावा.

सर्वांत घातक समज भिंतीचा आहे. वाड्याची भिंत दोन-अडीच फूट जाड, ती काय वाटेल ते पेलेल, असे वाटते. पण अशा कित्येक भिंतींत बाहेरून दगड किंवा वीट आणि आत माती असते. फास्टनर फुगून आजूबाजूच्या कठीण थरावर दाब देतो, त्या दाबावरच तो टिकतो. मातीत तो दाब राहत नाही. ५५ इंची टीव्ही पंधरा किलोंच्या आसपास. पुढे ओढता येणाऱ्या ब्रॅकेटवर तो बाहेर घेतला की तरफेसारखा भार वरच्या बोल्टवर येतो. वाड्यात भक्कम सागवानी खांब असतील तर त्यांच्यावर आडवी फळी बसवून तिच्यावर ब्रॅकेट घ्यावे. नव्या इमारतींतल्या हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतींनाही साधा प्लग पुरत नाही. त्यासाठीचे वेगळे प्लग किंवा केमिकल अँकर मिळतात. भिंतीची खात्री नसेल तर बुटके टेबल उत्तम. लहान मुले असतील तर टीव्ही मागून पट्ट्याने बांधावा.

नगर भागात वर्षातले बरेच महिने लख्ख ऊन. उघड्या दारासमोर टीव्ही लावला की पडद्यावर अंगणच दिसते, म्हणून दार-खिडकीशी काटकोनातली भिंत बरी. प्रोजेक्टर घेणाऱ्यांनी तर हे आधी पाहावे. जत्रेतले तंबू-सिनेमे अंधार पडल्यावर सुरू होत, ते उगाच नाही. खोक्यावर छापलेल्या हजारो ल्युमेनवर न जाता एएनएसआय ल्युमेनचा, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेल्या प्रकाशाचा, आकडा विचारावा.

आवाजाच्या बाबतीत “५००० वॅट” हा आकडा क्षणिक उसळीचा, पीएमपीओचा असतो. घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जेमतेम १४०० वॅट मिळतात! सलग मिळणारा आवाज आरएमएसच्या आकड्यावरून कळतो. डोक्यावरूनही आवाज ऐकवणारे डॉल्बी अ‍ॅटमॉस तंत्र सिनेमागृहांत २०१२ साली आले. त्याचे घरगुती साउंडबार आवाज छतावर आदळवून खाली आणतात. त्यासाठी छत सपाट आणि फार उंच नसलेले लागते. उतरत्या पत्र्याखाली किंवा तुळयांच्या माळवदाखाली तो परिणाम विस्कटतो. शहाबादी फरशीच्या उघड्या खोलीत आवाज घुमतो. तिथे महागड्या स्पीकरआधी जाड पडदे लावून आणि खाली सतरंजी अंथरून पाहावे.

राहिला स्टॅबिलायझर. बहुतेक नव्या टीव्हींच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे कमी दाबाची भीती फारशी उरलेली नाही. पण वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेपुढे स्टॅबिलायझरचा भरवसा नाही. आभाळ भरून येताच टीव्हीचा प्लग काढावा आणि सेटटॉप बॉक्सला आलेली डिशची केबलही सोडवावी. गच्चीवरच्या डिशपासून विजेचा झटका त्या केबलमधूनही आत शिरतो.